डिसेंबरातला छेरछेरा

त्या हिवाळ्याचं मला सगळं धुक्यातून दिसतं. खरंच एवढं धुकं पडायचं, की बाबा गेल्यावर माझीच नजर तशी झाली होती, कोण जाणे. भिलाईतल्या मरोद्याचं आमचं क्वार्टर तलावाच्या अंगाला. सकाळी दार उघडलं की समोरचा रस्ता अर्ध्यावरच संपलेला असायचा, आणि पोलादाच्या प्लांटचा भोंगा पाण्याखालून वाजल्यासारखा लांबून यायचा. मी एका खाजगी शाळेत शिकवायला जायचे, दुपारी परतायचे. मधल्या वेळात मुलांना काय शिकवलं ते विचाराल तर आज एक अक्षर सांगता येणार नाही. घरी पाऊल ठेवलं की आधी ओट्यावरची ताटली बघायचे, हे मात्र पक्कं आठवतं. सकाळी झाकून ठेवलेली पोळी तशीच असायची.

आईनं जेवण सोडलं होतं.

उपास नव्हता, रुसवाही नव्हता. रुसवा असता तर मी भांडून मिटवला असता, भांडण्यात मी कोणाला हार जात नाही. तिला भूकच लागत नव्हती. आणि ही कोण बाई? जिच्या घरातून कोणी उपाशी गेलं नाही ती. आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं, भाताच्या मुलखातलं. बाबा प्लांटमध्ये लागले आणि आई मागून आली, येताना तांदळाचं पोतं घेऊन आली असं बाबा सांगायचे. फर्स्ट शिफ्ट सुटली की बाबांसोबत कोणी ना कोणी यायचंच. कोणी नवा लागलेला, कोणाची बायको माहेरी गेलेली, कोणी मेसच्या डाळीला वैतागलेला. आई रोज एक वाटी तांदूळ जास्त टाकायची. मी म्हणायचे, "कोणी आलंच नाही तर?" ती म्हणायची, "येईन ना कोनी." आणि यायचं कोणीतरी.

बाबा दिवाळीच्या आधी गेले, झोपेतच. तेरवीपर्यंत शेजारपाजारचे डबे आले. ती रीतच आहे, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण शेजारी चांगले होते, तेरवीनंतरही डबे येत राहिले. तेव्हा आई पहिल्यांदा म्हणाली, "तेरवी झाली. आता याले काय म्हणाचं?" मी म्हटलं, "जेवण म्हणायचं, दुसरं काय?" ती म्हणाली, "आपलं घर आता घेणाऱ्याचं झालं का व?" तिनं डबे परत पाठवले. मग हळूहळू माझ्या हातचंही तिला जाईना. "तू शाळेतून थकून येतं, माह्यासाठी नोको करू." आधी दोन पोळ्या, मग एक, मग चतकोर, मग नुसता चहा. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. बाहेर अंगणात मला म्हणाले, आजार काही नाही, पण असंच राहिलं तर यांचा हिवाळा निघायचा नाही.

मी आत आले आणि तिच्यासमोर ताटली आपटली. तिनं माझा हात धरला, थोपटला आणि म्हणाली, "रागावू नोको. खाईन मी." आणि तशीच भिंतीकडे वळली. मला त्या भिंतीचाही राग यायचा.

समोरच्या खोलीत खिडकीखाली तिची खाट होती. दिवसभर ती तिथं अर्धवट झोपेत असायची. उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत जायची आणि आई मधूनच बोलायची. धान कापणं झालं का. बैल बांधले का. महिना कोणता, वार कोणता, तिला पत्ता नव्हता. कधी ती भिलाईत असायची, कधी माहेरच्या बांधावर. मी तिच्या पायाशी बसून वह्या तपासायचे आणि माझाही डोळा लागायचा. त्या खोलीत दोघींना कुठलीच घाई नव्हती, आणि तेच मला घाबरवायचं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक सिस्टर राहायच्या. हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या नर्स. उंच, सावळ्या, हिवाळ्यात चपलेत पांढरे मोजे घालणाऱ्या. इथल्याच छत्तीसगढी, पण नर्सिंग नागपूरला शिकलेल्या, त्यामुळे मराठी बोलायच्या आणि तीही अगदी आमच्या वळणाची. सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. जवळच्या चर्चमध्ये त्या दर रविवारी जायच्या. तिथली माणसं नाताळच्या आधी गल्लीगल्लीतून गात फिरत, आणि ज्या घरी अडचण असेल तिथं काहीतरी ठेवून येत. कुठे ब्लँकेट, कुठे तेलाचा डबा, कुठे पोराला स्वेटर. लहानपणापासून मी ते बघत आले होते. त्या वर्षी अडचणीचं घर आमचं होतं.

सिस्टरनी सकाळी मला रस्त्यात गाठलं. "संध्याकाळी येऊन राहिलो आम्ही. ताईसाठी शाल काढून ठेवली."

"नका आणू," मी म्हटलं. "ती घेणार नाही. उलट आहे ते दोन घोटही बंद करेल."

"पाहू," त्या म्हणाल्या.

"पाहू काय? मी सांगते ना." माझा आवाज चढला होता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि धुक्यात निघून गेल्या.

आता छेरछेऱ्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. छेरछेरा हा इथला सण. पौष पौर्णिमेला, नवं धान घरात आलं की पोरंसोरं, बायामाणसं ढोलक घेऊन गात दारोदार फिरतात आणि धान मागतात. त्या दिवशी मागणाऱ्याला लाज नसते, आणि देणाऱ्यानं नाही म्हणायचं नसतं. जमलेलं मग सगळे मिळून शिजवून खातात. सण छत्तीसगढी, पण आईनं तो असा उचलला की जणू माहेरून आणला. दर वर्षी सूप घेऊन दारात बसायची. आणि राशनचा तांदूळ नाही द्यायची, गावाकडून आलेला चिन्नोर द्यायची. शिजला की गल्लीभर वास जातो तो. बाबा चिडवायचे, "भिलाईतले सारे पोट्टे आपल्याच दारात का येतात, समजलं मले." त्या वर्षीही चिन्नोरचं एक पिंप भरलेलं होतं. मी त्याला हात लावलेला तिला खपत नव्हता. पडल्या पडल्या म्हणायची, "तो छेरछेऱ्याचा आहे."

तर त्या संध्याकाळी मी दिवा लावत होते. प्लांटकडे कुठेतरी भट्टीतली तापलेली मळी ओतली असणार, त्या बाजूचं आभाळ लाल झालं होतं आणि धुक्यालाही गुलाबी रंग चढला होता. त्यात लांबून ढोलक ऐकू आली. मग झांजा. मग गाणं, छत्तीसगढीतलं. मला कळलं, चर्चची माणसं आली. मी दार लोटून घ्यायला वळले तर खाट रिकामी.

आई उभी होती. कित्येक दिवसांत ती आधाराशिवाय उभी राहिली नव्हती. एक हात भिंतीला लावून ती स्वयंपाकघरात गेली. पिंपाचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सूप होतं, शीग लावून भरलेलं, आणि चेहऱ्यावर अशी लगबग की मी बघतच राहिले.

"सरक," ती मला म्हणाली. "छेरछेरा आला. दारात उभं ठेवते का कोणी?"

डिसेंबर होता. पौष पौर्णिमा कुठल्या कुठे होती. ही माणसं मागायला नव्हती आली, द्यायला आली होती, तेही आम्हाला. आणि आता ते कळलं की ही जागच्या जागी खाली बसणार, पुन्हा उठणारच नाही. मी तोंड उघडलं, पण दार तिनं आधीच उघडलं होतं.

दारात दहा-बारा माणसं. पुढे सिस्टर, दोन्ही हातांवर तपकिरी, शेंदरी काठाची लोकरी शाल घेतलेल्या, ओवाळायला ताम्हन धरावं तशी. मागे ढोलकवाले काका. एक जण लाल टोपी आणि कापसाची दाढी लावलेला, खांद्यावर झोळी. आईनं सूप पुढे केलं.

गाणं एका ओळीपुरतं अडखळलं. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? माझ्या डोळ्यांत पाणी होतं, त्यातूनच त्यांनी काय ते समजून घेतलं असावं. त्यांनी शाल मागच्या मागे दाढीवाल्याच्या हातात कोंबली. आणि मग ती उंच बाई आमच्या दारात वाकली आणि पांढऱ्या साडीचा पदर दोन्ही हातांनी पसरला.

"द्या ताई," त्या म्हणाल्या.

ढोलकवाल्या काकांना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी हात बदलला आणि छेरछेऱ्याचाच ठेका धरला. आईनं पदरात सूप रितं केलं. तांदूळ पडतानाचा तो आवाज मला आजही झोपेत ऐकू येतो. ती क्षणभर थांबली, सगळ्यांकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं. मग आत गेली आणि दुसरं सूप भरून आणलं, पहिल्याहून जास्त. तेही ओतलं. सिस्टरनी पदराची गाठ मारली, कपाळाला लावली, आणि सगळे गात गात पुढच्या दाराकडे गेले. शाल दाढीवाल्याच्या झोळीत गेलेली मी पाहिली.

आई खाटेवर बसली. दम लागला होता, पण भिंतीकडे वळली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर आल्या. हातात स्टीलचा डबा, गरम राहावा म्हणून शालीत गुंडाळलेला. त्याच शालीत. मी ती ओळखली. त्या खाटेजवळ बसल्या. "ताई, तुमचा तांदूळ आमी सगळ्यांनी मिळून शिजवला. तुमचा वाटा घेऊन आलो."

डब्याचं झाकण उघडलं आणि खोलीत चिन्नोरचा वास पसरला. मऊ भात, वर फिकं वरण. आई डब्याकडे बघत राहिली. मी दाराच्या चौकटीला टेकले होते. छेरछेऱ्याचा वाटा होता तो, आणि तांदूळ तिचाच. नाही कशी म्हणणार?

"ताटली आण," ती म्हणाली.

तिनं चार घास खाल्ले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं.

तिथून ते सुरू झालं. रोज दुपारी डबा. रोज तेच, "ताई, तुमच्या तांदळाचं." आधी पेज, मग खिचडी, मग भात आणि सोबत भाजी. चर्चमधल्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या, आणि तिथं तर साऱ्या मुलखाची माणसं. एक दिवस भातात मोहरी-कढीपत्ता आणि खोबरं. एक दिवस चिंचेचा आंबट भात, एवढा तिखट की आईच्या नाकातून पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, नाटक करायचं तर नीट करा ना. आमच्या तांदळाला कढीपत्ता कुठून फुटला? पण आई नाक पुसून म्हणाली, "हात तिखट आहे हिचा. पन मीठ बरोबर टाकते." दुसऱ्या दिवशी विचारलं, "ती खोबरंवाली नाही आली का?" सिस्टर म्हणाल्या, "शुक्रवारी तिची पाळी." आई शुक्रवार मोजायला लागली. तिला वार कळायला लागले होते.

मग एक दिवस मला म्हणाली, "तो डबा रिकामा नोको पाठवू. गुळाचा खडा टाक." पुढे लिंबं गेली, मग अंगणातल्या चार हिरव्या मिरच्या. ऊन अंगणात आलं की ती खुर्ची टाकून बसू लागली. गालांवर मांस आलं नव्हतं अजून, पण डोळे परत आले होते. मी शाळेतून येताना आता धावत येत नव्हते.

पण मनात एक धाकधूक कायमची. दोन सुपं तांदूळ असा किती दिवस पुरतो? भाताच्या मुलखातल्या बाईला हे कळू नये? ती विचारत नव्हती, आणि ती विचारत नव्हती म्हणूनच मी घाबरत होते. एकदा रस्त्यात मी सिस्टरना म्हटलं, "तिला कळलं की आपण इतके दिवस दुसऱ्यांचं खातोय, तर? सगळं बंद करेल ती. पुन्हा खाट धरेल."

"तवाचं तवा पाहू," त्या म्हणाल्या.

"तुमचं आपलं सारखं पाहू."

त्या हसल्या. डब्याला गुंडाळलेल्या शालीचं टोक सुटलं होतं, ते त्यांनी पुन्हा खोचलं. शालीवर आता हळदीचे डाग पडले होते, एका कोपऱ्याला वरणाचा वास मारत होता.

आणि पौष पौर्णिमा जवळ येत होती. खरा छेरछेरा. दारात खरी पोरं येतील, खरं मागतील, आणि आईला समजेल की डिसेंबरातला तो छेरछेरा नव्हताच. मी कॅलेंडरचं ते पान उलटून ठेवलं. किती वेडेपणा. पोरं काय कॅलेंडर बघून येतात?

त्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळचं धुकं अजून तलावावरून उठलं नव्हतं आणि त्याच्या आतून ढोलकी, डबे, पत्रे वाजायला लागले होते. मी अंथरुणातून उठून बाहेर आले तर आई अंघोळ करून, केस विंचरून दारात पाटावर बसलेली. शेजारी पिंप, पुढ्यात सूप. "आज छेरछेरा आहे," ती म्हणाली. एवढंच. पोरांची पहिली टोळी आली, झोळ्या पसरल्या, आईनं ओंजळ ओंजळ वाढलं. दुसरी टोळी आली. मी मागे उभी राहून तिच्या पाठीकडे बघत होते. ही पाठ आता कधी वाकते, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सिस्टर नेहमीपेक्षा लवकर आल्या. डबा हातात होता. दारातली पोरं, झोळ्या, सूप हे सगळं त्यांनी पाहिलं आणि फाटकाशीच थबकल्या. मीही जागची हलले नाही. आम्ही दोघी चोरी पकडलेल्या पोरींसारख्या एकमेकींकडे बघत होतो.

"या सिस्टर," आई म्हणाली. "उभ्या कावून? आज खरा छेरछेरा आहे."

सिस्टर पुढे आल्या. "ताई, ते त्या दिवशीचं..."

"मले येडी समजता का तुमी दोघी?" आईच्या आवाजात राग नव्हता. ती सुपातले खडे वेचत होती. "चिन्नोर शिजला का त्याचा वास लपते का कुठं? पहिल्या दिवशीचा भात माहा होता. दुसऱ्या दिवसापासून राशनचा."

"मग खाल्लंस कसं?" मी विचारलं. "इतके दिवस?"

आईनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती सिस्टरकडे बघत होती. "पहिलं सूप ओतलं, तवा मले खरंच वाटलं छेरछेरा आला. मंग तो कापसाच्या दाढीवाला दिसला. छेरछेऱ्यात दाढी कोण लावते? तुमी शाल मांगं लपवली, तेही दिसलं. समजलं मले कोण आलं आन् कावून आलं." ती थांबली. एक खडा तिनं बाजूला टाकला. "पन तुमचा पदर पसरलेला होता. चार लोकांदेखत, माह्या दारात. दुसरं सूप मी समजून दिलं, सिस्टर. जिनं माह्या दारात पदर पसरला तिच्या घरचं खायाले मले कायची लाज?"

डबा कुठे ठेवू कळत नसल्यासारख्या सिस्टर तो हातातल्या हातात फिरवत राहिल्या. पोरं झोळ्या घेऊन उभी होती.

"डबा हिच्याजवळ द्या," आई म्हणाली, "आन् ती शाल आणा इकडं. माहीच आहे ना ती? थंडी वाजून राहिली मले."

"धुऊन आणतो, ताई. हळदीचे डाग पडले तिच्यावर."

"राहू द्या डाग."

सिस्टरनी डब्यावरून शाल सोडवली. आईनं हात वर केले नाहीत, मान फक्त थोडी पुढे केली, आणि सिस्टरनी ती तिच्या खांद्यांवर घातली, पुढून लपेटून दिली. डब्याच्या उबेनं ती गरम असणार, कारण आईनं डोळे मिटले आणि शालीचं टोक गालाशी धरलं. बाबा गेल्यानंतर तिनं कोणाकडून मागून घेतलेली ती पहिली वस्तू.

मग तिनं डोळे उघडले, सूप उचललं आणि पोरांना म्हणाली, "या रे, कोण राह्यलं?" आणि मला मागं वळून म्हणाली, "तू काय पाहून राहिली? भात वाढ. तिघींले."

मी तीन ताटल्या घेतल्या. जेवतानाही आईनं शाल काढली नाही.